विनयातील पाण्याची घागर

विनयपिटकाचे नाव निघाले की बहुतेक उपासक-उपासिकांच्या मनात केवळ भिक्खूंच्या उपयोगाचा, काहीसा रुक्ष असा ग्रंथ उभा राहतो. २२७ नियम, त्यांचे वर्ग आणि त्यांच्या आपत्ती यांच्याशी संसारी माणसाचा काय संबंध, असे सहज वाटते. परंतु सुत्तविभंगात नियमाच्या आधी तो का करावा लागला याची हकीकत येते. तिला ‘निदान’ म्हणतात. ही निदाने वाचू लागले की आपण एखाद्या गजबजलेल्या घरात शिरलो आहोत असे वाटते. एकत्र राहणाऱ्या माणसांच्या हातून रोज ज्या लहानसहान चुका घडतात, त्यांचीच ती नोंद आहे. अशा चुकांकडे तथागतांनी कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम पाचित्तिय वर्गातील अठराव्या नियमाचे निदान पाहू. सावत्थी येथील एका विहारात दोन भिक्खू राहत होते; एक खाली आणि एक वरच्या माळ्यावर. वरच्याचा पलंग खोबणीत नुसते पाय बसवलेला होता. तो त्यावर घाईने बसला. पाय निसटून खाली पडला आणि खालच्या भिक्खूच्या डोक्याला लागला. तो कळवळून ओरडला. इतर भिक्खू धावून आले. प्रकरण तथागतांपर्यंत गेले आणि माळ्यावर अशा पलंगावर बसू वा निजू नये, असा नियम झाला. चौदाव्या नियमाचे निदानही असेच आहे. हिवाळ्यात भिक्खूंनी उघड्यावर बिछाने मांडले, अंगाला ऊन घेतले आणि निघताना ते न उचलता, कोणाला न सांगता निघून गेले. बिछाने भिजले.

या दोन्ही प्रसंगांत कोणाचाही हेतू वाईट नव्हता. होता तो निष्काळजीपणा. आता नियमाच्या शेवटी अपवादांची जी यादी येते, ती पाहावी. पलंगाचे पाय पाचर मारून पक्के केले असतील तर आपत्ती नाही. खालच्या जागेत कोणाचा वावर नसेल तर आपत्ती नाही. म्हणजे विनयाचे लक्ष खाली बसलेल्याच्या डोक्यावर आहे. ते सुरक्षित असेल तर वर बसलेल्याला दोष देण्याचे कारण उरत नाही.

याच यादीच्या शेवटी एक लहानसा शब्द येतो : ‘आदिकम्मिक’. ज्याच्या हातून ती गोष्ट प्रथम घडली, तो. त्यालाही आपत्ती नाही. ज्याच्यामुळे नियम करावा लागला, त्यालाच त्या नियमाखाली दोषी धरले जात नाही, कारण त्या वेळी नियम नव्हता. पहिल्या चुकीतून शिकावयाचे असते. तिचा हिशेब चुकता करावयाचा नसतो. आपल्या घरांत आणि कचेऱ्यांत नेमके याच्या उलट घडते. मुलाच्या हातून काचेचे भांडे पहिल्यांदा फुटते आणि त्याच क्षणी त्याला असा नियम ऐकवला जातो, जो आधी कोणीच त्याला सांगितलेला नसतो.

नियम झाला म्हणजे प्रश्न संपला, असेही नाही. पाचवा नियम आळवी येथे झाला. नवे भिक्खू उपासकांसमवेत सभागृहात झोपले. झोपेतील त्यांच्या अव्यवस्थित अवस्थेवर टीका झाली. म्हणून ज्याची उपसंपदा झालेली नाही, त्याच्यासोबत भिक्खूंनी झोपू नये असे ठरले. पुढे कोसंबीच्या बदरिकाराम विहारात भिक्खूंनी सामणेर राहुलाला सांगितले, “नियम झाला आहे. झोपण्याची जागा तू पाहा.” राहुलाने वाद घातला नाही, तक्रारही केली नाही. तो शौचकूपात जाऊन राहिला. पहाटे तथागत तेथे गेले आणि खाकरले. आतून खाकरल्याचा आवाज आला. कोण आहे, असे विचारताच उत्तर आले, “मी राहुल.”

प्रसंग एवढाच आहे, परंतु त्यात पुष्कळ आहे. भिक्खूंनी नियम मोडला नव्हता. त्यांनी तो तंतोतंत पाळला होता आणि त्यामुळेच एक मूल शौचकूपात झोपले. तथागतांनी नियमात दुरुस्ती केली : दोन-तीन रात्री एकत्र झोपण्यास हरकत नाही. ही सवलत एकट्या राहुलाला दिली नाही. ती प्रत्येक अनुपसंपन्नाला लागू झाली. आपल्या मुलावर अन्याय झाला म्हणून केवळ त्याची सोय करणे सोपे होते. त्यांनी सर्वांचीच सोय केली.

लहान चूक नीट हाताळली नाही तर काय होते, याचे उदाहरण कोसंबीच्याच दुसऱ्या प्रकरणात आहे. महावग्गाच्या दहाव्या खंधकात संघातील फुटीची हकीकत येते. तिचे मूळ कारण अट्ठकथा सांगते. एक धम्मकथिक भिक्खू शौचानंतर भांड्यात उरलेले पाणी तसेच ठेवून बाहेर आला. मागून गेलेल्या विनयधराने ते पाहिले आणि ही आपत्ती असल्याचे सांगितले. धम्मकथिक म्हणाला, मला ठाऊक नव्हते. आपत्ती असेल तर देशना करतो. विनयधर म्हणाला, नकळत घडले असेल तर आपत्ती नाही. येथेच विषय मिटला होता. परंतु विनयधराने नंतर आपल्या शिष्यांना सांगितले, “त्याला आपत्ती झालेलीही कळत नाही.” त्या शिष्यांनी ते धम्मकथिकाच्या शिष्यांना ऐकवले आणि संघ दुभंगला. तो भांड्यातील पाण्याने दुभंगला नाही. पाठीमागे बोललेल्या एका वाक्याने दुभंगला.

हे मी शिकवत आलो आहे, आणि तरीही तसेच वागलो आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागातील खिडकी रात्री उघडी राहिली आणि पावसाने टेबलावरील उत्तरपत्रिकांचा गठ्ठा भिजला. शेवटी कुलूप लावणाऱ्या सहकाऱ्याने सकाळी चूक कबूल केली आणि मी “असू द्या” म्हणालो. दुपारी मात्र चहा घेताना इतरांजवळ त्यांच्या विसराळूपणाची थट्टा केली. ती त्यांच्या कानी गेली. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतेच बोलत. उत्तरपत्रिका दोन दिवसांत वाळल्या. त्यांच्यापाशी जाऊन क्षमा मागण्यास मला सहा महिने लागले.

कोसंबीचा कलह शमेना, तेव्हा तथागत एकटेच तेथून निघाले. वाटेत ते पाचीनवंसदाय वनात आले. तेथे अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल राहत होते. त्यांचा दिनक्रम ग्रंथात बारकाईने दिला आहे. भिक्षेहून जो आधी परतेल, तो आसने मांडतो, पाय धुण्यास पाणी ठेवतो. शेवटी येणारा आवराआवर करतो. पिण्याच्या, वापरण्याच्या किंवा शौचाच्या पाण्याची घागर ज्याला रिकामी दिसेल, तो ती भरून ठेवतो. एकट्याला उचलत नसेल तर हाताच्या खुणेने दुसऱ्याला बोलावतो आणि दोघे मिळून ती उचलतात.

ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. कोसंबीत आणि या वनात पाणी तेच, भांडेही तेच, शौचाचे. एका ठिकाणी ते कोणी तसे ठेवले याची चौकशी झाली. दुसऱ्या ठिकाणी ज्याला दिसले त्याने ते भरले.

याचा अर्थ चूक कधी दाखवूच नये, असा नाही. दुसऱ्याचा दोष दाखवताना पाळावयाच्या पाच गोष्टी चुल्लवग्गात सांगितल्या आहेत : योग्य वेळी बोलावे, खरे तेच बोलावे, मृदू शब्दांत बोलावे, हिताचे तेच बोलावे आणि मनात मैत्री ठेवून बोलावे. घरातील आणि कामावरील आपले बहुतेक बोलणे पहिल्याच कसोटीवर अडकते. भांडे फुटल्याच्या क्षणी बोललेले खरे असले, तरी वेळेवर बोललेले नसते.

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्म हा सामाजिक आहे, माणसामाणसांतील योग्य संबंध म्हणजे धम्म, अशी मांडणी केली. हे संबंध केवळ सभासंमेलनांत घडत नाहीत. स्वयंपाकघरात, कचेरीतील टेबलाशी आणि पाण्याच्या माठापाशी ते रोज जुळतात किंवा तुटतात. पुढच्या वेळी माठ रिकामा दिसला, तर कोणी भरला नाही हे विचारण्यापूर्वी तो भरावा. जड वाटला तर शेजारच्याला खूण करावी.