कराटेच्या वर्गातली शिस्त आणि शिक्षा

आपल्या अनेक वस्त्यांत संध्याकाळी विहाराच्या पटांगणात कराटेचे वर्ग भरतात. मुलीही हौसेने येतात, याचा आम्हाला आनंद आहे. पण पालकांकडून एक वाक्य वारंवार ऐकू येते : "सर फार कडक आहेत, म्हणून पोरं शिकतात." कडक म्हणजे काय, असे विचारले की कळते, उशीर झाला तर शंभर उठाबशा, काता चुकला तर पायावर छडी, मध्येच पाणी मागायचे नाही. याने मूल खरेच लवकर शिकते का?

शिस्तीशिवाय हा खेळ शिकवताच येत नाही, हे आधी मान्य करू. 'यामे', म्हणजे थांबा, हा शब्द कानावर पडताच हातपाय थांबले पाहिजेत. नाहीतर समोरच्याचे नाक फुटेल. नखे कापलेली हवीत, अंगावर दागिना नको, दोघांत अंतर हवे. तीच किक न कंटाळता रोज मारणे हेही शिस्तीतच आले. या प्रत्येक नियमाचे कारण मुलाला सांगता येते.

शिक्षेची भीती ही वेगळी गोष्ट. नवी हालचाल शिकताना चुका होणारच. चूक कुठे झाली हे कळले तर पुढचा प्रयत्न सुधारतो. घाबरलेल्या मुलाचे लक्ष स्वतःच्या पायाकडे नसते, सरांच्या हाताकडे असते. खांदे आखडतात, श्वास अडकतो. जमते तेवढेच ते करते, आणि दुखले तरी सांगत नाही. रांग मात्र सरळ दिसते, आणि बघणाऱ्याला वाटते, काय छान शिकवलेय!

ज्या जपानमधून कराटे, ज्यूदो आपल्याकडे आले, तिथला अनुभव पाहा. १८८२ साली कोदोकान ही ज्यूदोची शाळा काढणारे जिगोरो कानो हे पेशाने शिक्षक. त्यांच्या पद्धतीत सरावाबरोबर व्याख्यान आणि प्रश्नोत्तरेही होती. म्हणजे शिष्याने विचारायचे, गुरूने सांगायचे. पुढे मात्र अनेक ठिकाणी मारझोड रुळली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जपानच्या महिला संघाला ज्यूदोत एकच सुवर्ण मिळाले. त्यानंतर संघातल्या १५ खेळाडूंनी, सरावात थपडा आणि बांबूच्या तलवारीचा मार खावा लागतो, अशी तक्रार केली. २०१३ च्या सुरुवातीला हे उघड झाले आणि मुख्य प्रशिक्षकांना पद सोडावे लागले. टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याच देशाच्या महिलांनी ४ सुवर्णपदके घेतली. मार थांबला म्हणूनच पदके आली, असे आम्ही म्हणणार नाही. पण छडी नसली की खेळाडू बिघडतो, हे म्हणणे टिकत नाही.

त्याच देशात १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत शाळांतल्या ज्यूदोत शंभराहून अधिक मुले दगावली, बरीचशी डोक्याच्या दुखापतीने. सगळे शिक्षेमुळे झाले असे नव्हे. पण डोके दुखतेय हे सांगायलाच मूल घाबरत असेल, तर दुखापत कळणार कशी? डोक्याला मार लागला की त्या दिवशीचा सराव बंद. उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा असंबद्ध बोलणे दिसले तर थेट दवाखाना गाठावा.

उठाबशांचेही तसेच. सवय नसताना एकदम शेकडो उठाबशा काढायला लावल्या तर मांडीचे स्नायू फुटून त्यातले द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. मांड्या सुजल्या, असह्य दुखू लागल्या किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर "अंग धरलंय, उतरेल" म्हणत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पाणी तर दर पंधरा-वीस मिनिटांनी मिळालेच पाहिजे, उन्हाळ्यात जास्तच.

एखाद्या संध्याकाळी पटांगणाच्या कडेला बसून वर्ग पाहा. मूल चुकले की सर काय करतात? पाय धरून नीट ठेवून दाखवतात, की सगळ्यांपुढे हसे करतात? आणि घरी आल्यावर मुलीला विचारा, "दुखतंय असं सरांना सांगितलं तर ते काय म्हणतात?" उत्तर द्यायला ती अडखळली, तर दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर जाऊन सरांना भेटा.