जुनी राजदूत मिसिंग मारते तेव्हा

दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन आणि मागे धुराचा पट्टा, अशी राजदूत आपल्या गावांनी वर्षानुवर्षं पाहिली. पोलंडच्या एका गाडीवरून एस्कॉर्ट्स कंपनीने ती आपल्याकडे बनवली. इंजिन १७३ सीसीचं, टू-स्ट्रोक. गाडी बनायची कधीच थांबली, पण काही घरांत ती अजून राबते. तीच सकाळी अडखळली की डेअरीची वेळ टळते आणि दूध घरी परत येतं. मेकॅनिक म्हणतो, "बोअर करावं लागेल." हा खर्च मोठा. म्हणून इंजिन खोलायला देण्याआधी काय काय बघायचं, ते आज बोलू.

पहिला प्रश्न गाडी चालवणाऱ्याला विचारायचा. नेमकी कधी अडखळते? थंड असताना, तापल्यावर, की भरलेले कॅन घेऊन चढ चढताना? निम्मं उत्तर इथंच मिळतं.

मग प्लग. गाडी एखादा मैल चालवून बंद करा, जरा निवू द्या आणि प्लग काढून टोकाचा रंग बघा. विटकरी किंवा तपकिरी असेल तर ठीक. काळा, ओलसर, तेलकट असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त होतंय, एअर फिल्टर तुंबलाय, नाहीतर करंट कमजोर आहे. पांढुरका, भाजल्यासारखा असेल तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त जातेय. काळ्या प्लगला लोक घाबरतात. मला पांढऱ्याची भीती वाटते. काळा प्लग फार तर गाडी बंद पाडेल, पुसला की पुन्हा चालेल. पण या इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं, इंजिन तापतं, पिस्टन जाम होतो. मग बोअर खरंच करावं लागतं. पांढरा प्लग दिसला तर त्या दिवशी गाडी दामटू नका. कार्बोरेटर जिथे इंजिनाला जोडलाय, तिथली पॅकिंग फाटली आहे का बघा. गाडी चालू ठेवून त्या सांध्यावर थोडं साबणाचं पाणी सोडा. आवाज बदलला तर हवा तिथूनच शिरतेय.

गाडी दोन-तीन मैल नीट जाते, मग दम तोडते आणि पाच मिनिटं थांबल्यावर पुन्हा सुरू होते? टाकीचं झाकण उघडून बघा. लगेच सुधारली तर झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलंय. सुईने मोकळं करा, फुकटात काम झालं. नाहीतर पाइप काढून पेट्रोल बाटलीत सोडा. धार सलग हवी. बाटलीच्या तळाशी पाण्याचा थर दिसला तर टाकी धुवायला हवी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल धरतं आणि जुने रबरी पाइप खराब करतं. जेट तुंबला तर हवेने फुंकून काढा. तार घातली की भोक मोठं होतं. हे सगळं करताना चूल, दिवा, बिडी लांब.

तापल्यावरच बंद पडते आणि निवल्यावर चालते, तर संशय कॉइल किंवा कंडेन्सरवर घ्या. बंद पडल्याबरोबर प्लग काढून कॅपला लावा, इंजिनाच्या लोखंडाला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, आणि किक मारा. ठिणगी निळी, कडक हवी. पिवळी, मरतुकडी असेल तर पॉइंट बघा. पॉइंटवरच मोठ्या ठिणग्या उडत असतील तर बहुधा कंडेन्सर गेलाय.

ऑइल अंदाजाने ओतू नका. १:२५ प्रमाण सांगितलं असेल तर लिटरला ४० मिली. औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण चालेल. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

सायलेन्सरमध्ये कार्बन साचला तरी गाडी कोंडल्यासारखी चालते, तोही साफ करून घ्या. एवढं करूनही किक दाबताना हलकी, दाब नसल्यासारखी लागत असेल, तर बोअरचं बोलणं काढा. आणि सिलिंडर खोलताना समोर उभं राहून जुना पिस्टन आणि रिंगा बघायला मागा.