नळीने भरवताना छाती जपायची कशी

लकवा झालेल्या आजोबांना दवाखान्यातून सुट्टी मिळते आणि ते अकोल्यातल्या जठारपेठेतल्या घरी परततात ते नाकात राईल्स ट्यूब घेऊनच. गिळताना ठसका लागतो, म्हणून ही नळी. घरच्यांना वाटतं, आता अन्न छातीत जायची भीती नाही. हा गैरसमज आधी दूर व्हायला हवा.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे एक गोल स्नायू असतो. घास खाली उतरला की तो आवळला जातो आणि पोटातलं वर येऊ देत नाही. नळी याच स्नायूतून गेलेली असल्याने हे दार कायम किलकिलं राहतं. त्यात माणूस सपाट झोपलेला असेल, तर पातळ अन्न आणि आम्ल घशापर्यंत चढतं. धडधाकट माणूस ते खोकून टाकतो. लकव्यानंतर अनेकदा घशाची जाणीवच मंदावलेली असते; अन्न श्वासनलिकेत उतरतं आणि कित्येकदा खोकलाही येत नाही. कळतं ते ताप आल्यावर, धाप लागल्यावर.

म्हणून पहिला उपाय बसण्याचा. कंबरेपासून वरचं अंग ३० ते ४५ अंश उचललेलं हवं. डोक्याखाली उशांवर उशा रचल्या तर मान वाकते, पोट दुमडतं आणि अन्न उलट वर ढकललं जातं. पाठीकडचा भाग उचलता येणारा फाउलर कॉट भाड्याने मिळतो, तो जरूर घ्यावा. नसेल तर कंबरेपासून पाठीखाली घट्ट उतार करावा आणि रुग्ण घसरू नये म्हणून गुडघ्यांखाली उशी द्यावी. भरवून झाल्यावरही तासभर असंच बसवावं. डायपर, कूस बदलणं, छातीची फिजिओथेरपी, सगळं भरवण्याआधी उरकावं.

दर वेळी नाकपुडीजवळची नळीवरची खूण पाहावी. ती सरकली असेल तर थेंबभरही देऊ नये. हवा मारून पोटावर गुडगुड ऐकण्याची पद्धत भरवशाची नाही. नळी फुफ्फुसात असली तरी आवाज येऊ शकतो. नवी नळी घातल्यावर खात्री एक्स-रेनेच होते.

भरवताना ५० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढावा आणि अन्न आपल्या वजनाने उतरू द्यावं. २०० ते २५० मिलीला १५-२० मिनिटं लागतात, लागू द्यावीत. आधी आणि नंतर साधारण ३० मिली पाणी. अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. सकाळची पेज दुपारी देऊ नये. नासलेल्या अन्नाने उलटी झाली, की तीही छातीचीच वाट धरते.

सर्वांत दुर्लक्षित राहतं ते तोंड. रुग्ण तोंडाने खात नसला तरी लाळ घशात उतरतेच, आणि अस्वच्छ तोंडातल्या लाळेत न्यूमोनियाचे जंतू असतात. दिवसातून दोनदा दात, जीभ, हिरड्या पुसायलाच हव्यात. भेटायला आलेले पाहुणे मायेने म्हणतात, "घोटभर चहा तरी द्या ना जी!" डॉक्टरांनी परवानगी दिलेली नसेल, तर हात जोडून नाही म्हणावं.

भरवताना खोकला आला, घशात घरघर झाली, धाप लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर लगेच थांबावं, नळीचं तोंड बंद करावं, कुशीवर वळवावं आणि १०८ला फोन करावा.

सुट्टी घेण्याआधी सिस्टरांसमोर एकदा स्वतः भरवून दाखवा, आणि नळीची खूण किती सेंटीमीटरवर आहे ते कागदावर लिहून घ्या.