सावलीची वाटणी

चार इमली म्हणजे चिंचेची चार झाडे. भोपाळ शहरातील या वसाहतीत मंत्र्यांचे व वरिष्ठ अधिकाऱ्यांचे बंगले असून त्यांभोवती दाट वृक्षराजी आहे. वृक्ष केवळ ऊन अडवितो असे नव्हे. त्याच्या पानांतून पाण्याची वाफ होताना भोवतालच्या हवेतील उष्णताही शोषली जाते. पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या मजुराच्या वाट्याला मात्र हे सुख येत नाही. त्याच्या डोक्यावरील पत्रा भर दुपारी भट्टीसारखा तापतो.

जून २०२४ मध्ये शिवाजीनगर व तुलसीनगर येथील सुमारे २९,००० झाडे तोडून मंत्री व आमदार यांच्यासाठी निवासस्थाने बांधण्याचा बेत पुढे आला, तेव्हा रहिवासी झाडांना कवटाळून उभे राहिले. अखेर शासनाने तो बेत सोडला. विशेष हे की, तोडीचे कारणही निवाराच होता. परंतु तो कोणाचा?

अहमदाबादेने २०१० च्या भीषण उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा आखला. पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा चुना लावण्याचा उपक्रमही तेथे झाला. चुना स्वस्त आहे व तो एका दिवसात लागतो. चिंचेला मात्र सावली धरण्यास अनेक वर्षे आणि मुळापुरती जमीन लागते. ती जमीन झोपडीपाशी नसते.