कोपऱ्यातली छोटी चौकट

मानेसरच्या कारखान्यांत नोकरीला आलेल्या मराठी मुलामुलींची एक तक्रार हमखास ऐकू येते. व्हिडिओ कॉल लावला की गावाकडची आई फोन सरळ कानाला लावते, नाहीतर छताचा पंखा दाखवते. ‘माझं काय बघायचंय आता?’ म्हणते. तिला फोन धरता येत नाही असं नाही. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत दिसणारा स्वतःचा चेहरा तिला नको असतो.

त्या चौकटीत दिसतं ते सगळं खरं नसतं. फोन तोंडाजवळ धरला की नाक कॅमेऱ्याच्या जवळ येतं, कान मागे राहतात. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ साली याचं गणित मांडलं: १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक, ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. त्यात फोन मांडीवर, म्हणजे आधी दिसतो गळा. आणि डोक्यावर ट्यूबलाइट, म्हणजे डोळ्यांखाली सावल्या.

काही मात्र खरंच असतं. वयाबरोबर कातडीतलं कोलॅजन कमी होतं, गालांतली चरबी कुठे विरते, कुठे खाली उतरते. हाडंही बदलतात, हे फारसं कुणी सांगत नाही. डोळ्यांच्या खोबणी रुंदावतात, जबडा आटतो; दात गेले असतील तर जास्तच. आतला सांगाडा लहान झाला की वरची कातडी सैल पडणारच. नुसत्या क्रीमने हे कसं भरून निघणार?

मग आरशात हे का दिसत नाही? आरशासमोर आपण तयारीने उभे राहतो, मान उचलून, क्षणभर. कॉलवर आपण बोलताना, ऐकताना, कंटाळताना दिसतो. शिवाय आरसा डावं-उजवं उलटं दाखवतो आणि तोच चेहरा आपल्या सवयीचा असतो. १९७७ सालच्या एका प्रयोगात विद्यार्थिनींना स्वतःचा आरशातल्यासारखा फोटो जास्त आवडला, तर त्यांच्या जवळच्या माणसांना सरळ फोटो. घरच्यांना आपला जो चेहरा प्रिय असतो, तोच आपल्याला परका वाटतो!

बाईचं वय कॅमेऱ्याने ठरवायची रीत जुनीच. धारवाडच्या लीला चिटणीस १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. असा मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय तारका. १९४८ च्या ‘शहीद’मध्ये त्या दिलीपकुमारची आई झाल्या. सात वर्षांत चेहरा एवढा बदलत नाही, भूमिका बदलतात. आपल्या घरातल्या बायका हेच सिनेमे बघत मोठ्या झाल्या.

तेव्हा सुट्टीत घरी गेलात की आईचा फोन डोळ्यांच्या उंचीवर, हातभर लांब टेकवून ठेवायची सोय करा. खिडकी तिच्या समोर येऊ द्या, पाठीमागे नको. काही ॲपमध्ये स्वतःची चौकट लपवता येते, तीही लपवून द्या. आणि पुढचा कॉल लागला की ‘आई, किती वाळलीस गं!’ हे पहिलं वाक्य तेवढं गिळा.