संपाचा हिशेब

‘संप करावा की करू नये?’ असा प्रश्न सभेत कोणी विचारला की निम्मे लोक न्यायाची गोष्ट काढतात आणि निम्मे शिस्तीची. मागणी न्याय्य असेल तर संप करण्याचा अधिकार कामगाराला आहे, याबद्दल मला शंका नाही. पण मागणी न्याय्य असूनही संप बुडतो, आणि बुडाला म्हणजे न्याय काही घरात किराणा भरून देत नाही.

शाळा मी नववीत सोडली. हिशेब मला कामगारांनीच शिकवला. पंचवीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात मी दिवाळीच्या बोनससाठी संप पुकारला. तो ३७ दिवस चालला. १५ दिवसांच्या पगाराएवढा जादा बोनस पदरात पडला, आम्ही गुलाल उधळला. आठवड्याने एका फिटरने टपरीवर विडीच्या पुड्यावर दोनच आकडे लिहून दाखवले : ३७ आणि १५. तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही.

बोनस एकदाच मिळतो. मूळ पगारातली वाढ दर महिन्याला मिळते. मूळ पगार १२,००० आहे आणि ६०० रुपये वाढ मागितली, असे धरा. महिनाभराच्या संपात बुडालेला पगार २० महिन्यांत भरून निघतो. शिवाय वाढ भविष्यनिर्वाह निधीत शिरते. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर, वर्षाला १५ दिवसांप्रमाणे मोजतात; २० वर्षांच्या नोकरीवर या ६०० रुपयांचे तिथे सुमारे ६,९०० होतात. म्हणूनच मालक भत्ता वाढवायला लवकर तयार होतो, मूळ पगार वाढवायला नाही! बोनसचा कायदा १९६५ साली झाला आणि पुढे किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, ठरला. त्यावरची रक्कम नफ्यातोट्याच्या पत्रकावरून ठरते. ते वाचणारा माणूस युनियनमध्ये हवा.

गिरणगावाला हे नवे नाही. महायुद्धाच्या काळापासून मिळत आलेला बोनस मालकांनी बंद केला म्हणून १९२४ च्या जानेवारीत सुमारे दीड लाख गिरणी कामगार बाहेर पडले. मुख्य न्यायाधीश मॅक्लाउड यांच्या समितीने सांगितले की कोर्टात मागता येईल असा बोनसचा हक्क कामगाराला नाही. मार्चअखेर लोक रिकाम्या हाताने साच्यावर परतले. १९२८ चा संप मजुरीतल्या कपातीविरुद्ध होता. तो पाच महिन्यांवर टिकला आणि कपात तूर्त बाजूला ठेवून मालकांना चौकशी समिती मान्य करावी लागली.

मागणी कोणती, याइतकेच गोदामात माल किती, हेही महत्त्वाचे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मागण्यांत खोट नव्हती. पण मालकांकडे माल पडून होता, आणि कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून घेता येत होते. माझे वडील त्या संपात होते. आम्हां मुलांना कोकणात गावी धाडले; वडील परत गिरणीत गेले नाहीत. तो संप मागे घेतल्याचे कधी रीतसर जाहीरच झाले नाही. आज तर गोदामाचे काम कंत्राटी कामगार करतो : कायम कामगार गेटाबाहेर, कंत्राटी आत, यंत्र चालूच. त्याला बरोबर घेतल्याशिवाय नोटीस देऊ नये असे माझे मत आहे, आणि त्यासाठी आमच्याच लोकांशी माझी भांडणे झाली आहेत.

राहिले स्वयंपाकघर. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका उधारीवर जेवू घालीत, म्हणून संप टिकत. त्यांचे नाव कुठल्या करारनाम्यावर आलेले मी पाहिले नाही.

हल्ली मी संपापूर्वी माल भरणाऱ्या हमालांना विचारतो, रोज ट्रक किती निघतात? आणि सभेला घरच्या बायकांनाही बोलावतो. मागच्या खेपेला एक बाई उठून म्हणाली, “दादा, वाणी वीस तारखेपर्यंत थांबतो, पुढं नाही.” आम्ही संपाची तारीख पुढच्या पगारानंतरची धरली.