ट्रस्टची बंदूक आणि शेरीफची सही

आपल्याकडे ट्रस्ट म्हटले की शाळा, वसतिगृह किंवा दवाखाना डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत मात्र बंदुकीसाठीही ट्रस्ट काढतात. ऐकायला हे विचित्र वाटते. पण कायदा कोणाला आत घेतो आणि कोणाला दारातच थांबवतो, हे समजून घेण्यासाठी हा विषय चळवळीच्या वाचकांनी जरूर पाहावा.

अमेरिकेत १९३४ साली नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट आला. मशीनगन, आखूड नळीची रायफल, आखूड नळीची शॉटगन, सायलेन्सर यांची केंद्र सरकारकडे नोंद सक्तीची झाली. शिवाय हस्तांतरणावर २०० डॉलर कर बसला. त्या काळी ही रक्कम गरिबाच्या आवाक्यातली नव्हती.

असे शस्त्र एकाच्या नावावर नोंदले आणि त्याच्या गैरहजेरीत ते पत्नीच्या वा मुलाच्या ताब्यात सापडले, तर तो गुन्हा ठरू शकतो. यावर वकिलांनी ट्रस्टचा मार्ग काढला. मालक दस्त करतो, विश्वस्त नेमतो, लाभार्थी ठरवतो. शस्त्र ट्रस्टच्या मालकीचे होते, ते कोणताही विश्वस्त बाळगू शकतो आणि मालकाच्या मृत्यूनंतरची व्यवस्थाही दस्तातच असते. मात्र ज्याला शस्त्र बाळगण्यास कायद्याने मनाई आहे, त्याला ट्रस्टचे संरक्षण मिळत नाही.

खरी मेख पुढेच आहे. १३ जुलै २०१६ पूर्वी व्यक्तीच्या नावाने अर्ज केल्यास बोटांचे ठसे, छायाचित्र आणि स्थानिक पोलीसप्रमुखाची किंवा शेरीफची सही लागत असे. सही देण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते. ट्रस्टच्या नावाने अर्ज केला की यातले काहीच लागत नसे! म्हणजे ज्याला वकील परवडतो त्याला मागचे दार उघडे आणि ज्याला परवडत नाही तो शेरीफच्या मर्जीवर.

ही मर्जी काय असते, हे कृष्णवर्णीयांना कोणी शिकवण्याची गरज नाही. गुलामगिरी संपत असतानाच, १८६५ मध्ये, मिसिसिपी राज्याने मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास बंदी केली. परवाना देणारे अर्थातच गोरे. १९५६ मध्ये मॉन्टगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्यांनी शस्त्र परवान्यासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. कायद्यात कोठेही त्यांचा रंग लिहिलेला नव्हता. निर्णय अधिकाऱ्याच्या हाती होता, तेवढे पुरेसे ठरले.

२०१६ च्या नियमाने दोन गोष्टी केल्या. पोलीसप्रमुखाच्या सहीची अट काढून त्याला फक्त कळवणे ठेवले. आणि ट्रस्टच्या प्रत्येक जबाबदार व्यक्तीला ठसे व छायाचित्र देणे बंधनकारक केले. तपासणी सर्वांना सारखी, मर्जी कोणाचीच नाही. १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर व आखूड नळीच्या बंदुकांवरील कर शून्य झाला. मशीनगनवर तो कायम आहे आणि नोंदणीही कायम आहे.

शस्त्राने समाज मुक्त होतो, असा भ्रम कोणी बाळगू नये. बंदुकांवर कडक नियंत्रण हवेच. पण ते नियम लेखी असावेत, सर्वांना सारखे असावेत आणि नकार देणाऱ्याला कारण द्यावे लागावे. अधिकाऱ्याच्या सहीवर टांगलेल्या हक्काला हक्क म्हणत नाहीत, मेहरबानी म्हणतात.